नमुना द्यावा, दुकान देऊ नये
फॉन्टची 'चाचणी प्रत' कशी तयार करावी?

नमुना दाखवल्याशिवाय माल खपत नाही, हा बाजाराचा जुना नियम आहे. कापडवाला शेड कार्ड देतो, तांदळाचा व्यापारी मूठभर दाणे तळहातावर ठेवतो, अत्तरवाला मनगटाला बोट लावतो. या तिघांना एक भीती मात्र नसते. मूठभर तांदळावर गिऱ्हाइकाचे घर चालत नाही आणि शेड कार्डाचा सदरा शिवता येत नाही.

संगणकावरची अक्षरे, म्हणजे फॉन्ट, तयार करून विकणाऱ्याची अडचण नेमकी इथे आहे. फॉन्ट ही एक फाइल असते. "वापरून पाहा" म्हणून ती गिऱ्हाइकाच्या हाती दिली की नमुना आणि माल यांत फरक उरत नाही. दोन-तीन वर्षे खपून काढलेली अक्षरे पेन ड्राइव्हवरून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जातात आणि कारागिराच्या हाती काही लागत नाही. बरे, नमुना दिलाच नाही तर न पाहिलेल्या मालाला पैसे कोण मोजणार? या पेचातून वाट काढणारी एक साधी आणि फुकट मिळणारी पद्धत आहे. छपाई, डीटीपी, बॅनर आणि पाट्यांच्या धंद्यातील वाचकांना ती उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

त्र्यंबकचा धडा

या लेखासाठी उदाहरण त्र्यंबकेश्वरचे घेतले आहे. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण दादासाहेब फाळके. ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरला झाला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते छपाई आणि ब्लॉक बनवण्याच्या व्यवसायात होते. १९१२ साली चित्रपट काढायचे ठरले तेव्हा भांडवल नव्हते आणि हिंदुस्थानात असा चित्रपट निघू शकतो यावर कुणाचा विश्वासही नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि अंकुर वाढत असताना थोड्या थोड्या अंतराने त्याची चित्रे घेतली. त्यातून 'अंकुराची वाढ' ही छोटीशी फिल्म तयार झाली. ती दाखवून त्यांनी भांडवल मिळवले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. नमुना कसा असावा याचा हा धडाच आहे. त्या फिल्मवरून कारागिराची कुवत पूर्ण कळत होती, पण चित्रपट मात्र तिच्यात नव्हता.

दुसरे कारण गावाचा आजचा धंदा. यात्रेचे गाव म्हटले की पाट्या, पावत्या, दरपत्रके, लॉजची कार्डे आणि बॅनर आलेच. २०१५ च्या सिंहस्थानंतरचा पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा. अशा वेळी नाशिक आणि त्र्यंबक येथे देवनागरी अक्षरांचे काम किती निघते, हे छपाईवाल्यांना सांगायला नको. काम जितके मोठे, तितकी चांगल्या अक्षराला मागणी अधिक, आणि चोरीचा फॉन्ट वापरण्याचा मोहही तितकाच अधिक.

खिळ्यांपासून कुलपापर्यंत

शिशाच्या खिळ्यांच्या काळात हा प्रश्न नव्हता. मुंबईत जावजी दादाजींनी उभा केलेला निर्णयसागर छापखाना त्याच्या देखण्या देवनागरी टाइपासाठी देशभर नावाजला गेला. टाइप फाउंड्रीवाले आपल्या अक्षरांचे छापील नमुनापत्र वाटत. ते पाहून टाइप पसंत करता येई, पण त्या कागदावरून छपाई होत नसे. छपाईसाठी खिळे वजनावर विकत घ्यावे लागत.

संगणक आला आणि खिळ्याची फाइल झाली. सुरुवातीच्या काळात मराठी डीटीपीच्या पॅकेजबरोबर संगणकाच्या मागे खोचायचे एक छोटे कुलूप येत असे. त्याला डोंगल म्हणत. ते नसेल तर पॅकेज चालत नसे. परंतु कुलूप लावले तरी सगळा माल गिऱ्हाइकाच्या घरातच असतो. आज ना उद्या कुणी तरी कुलूप फोडतो.

चाचणी प्रतीची पद्धत याच्या उलट आहे. तिच्यात कुलूप लावायचे नसते, फाइलमधली काही अक्षरेच काढून टाकायची असतात. जे फाइलमध्ये नाही ते फोडून काढता येत नाही.

पीडीएफमध्ये रोज हेच घडते

ही कल्पना छपाईवाल्यांना अगदी नवी नाही. आपण पत्रिकेची पीडीएफ काढतो तेव्हा संगणक बहुधा सगळा फॉन्ट त्या फाइलमध्ये भरत नाही, पत्रिकेत आलेली अक्षरे तेवढी भरतो. पीडीएफची माहिती उघडून फॉन्टची यादी पाहावी. अशा फॉन्टच्या नावाआधी सहा मोठी रोमन अक्षरे आणि अधिकचे चिन्ह दिसते. फॉन्ट अपुरा आहे, निवडक अक्षरांचाच आहे, अशी ती खूण. या निवडक भागाला 'सबसेट' म्हणतात. चाचणी प्रत म्हणजे आपण हेतुपुरस्सर, अक्षरे मोजून-मापून तयार केलेला सबसेट.

हत्यार कोणते?

या कामाच्या साधनांच्या संचाचे नाव फॉन्टटूल्स. तो मूळचा जुस्ट व्हान रोसम यांनी तयार केला. पायथन ही संगणकाची भाषा बनवणारे गिडो व्हान रोसम यांचे हे बंधू. पुढे बेहदाद इस्फहबोद यांनी २०१३ च्या सुमारास या संचाला नवी चालना दिली आणि सबसेट काढणारे साधन त्यात आणले. संच फुकट आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही मोकळा आहे.

यात चित्रे आणि बटणे नाहीत. संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, एक ओळ टाइप करून आज्ञा द्यायची. सवय नसलेल्याला हे अवघड वाटेल, पण यातच सोय आहे. एकदा जमलेली ओळ लिहून ठेवली की दहा फॉन्टना तीच चालते.

आज्ञेत चार गोष्टी येतात : साधनाचे नाव, मूळ फॉन्टचे नाव, कोणती अक्षरे ठेवायची ते, आणि नवी फाइल कोणत्या नावाने हवी ते. बाकी काम साधन करते.

दहा चिन्हांची करामत

आता 'त्र्यंबकेश्वर' हाच शब्द घेऊ. देवनागरी फॉन्टची परीक्षा घ्यायला याहून चांगला शब्द क्वचित मिळेल. त, र आणि य या तिघांचे जोडाक्षर, त्यावर अनुस्वार, पुढे मात्रा आणि शेवटी श्व, असा सगळा मासला एका शब्दात आहे. युनिकोडच्या हिशेबाने यात १३ चिन्हे येतात. हलन्त तीनदा आणि र दोनदा आल्यामुळे वेगवेगळी चिन्हे फक्त १० : त, र, य, ब, क, श, व, हलन्त, अनुस्वार आणि एकारान्त मात्रा.

साधनाला हा एक शब्द दिला तर ते ही १० चिन्हे ठेवते. पण तेवढ्यावर थांबत नाही. हलन्त ठेवला असल्यामुळे या अक्षरांची आपसांत जी जोडाक्षरे फॉन्टमध्ये काढलेली असतील, ती सगळी ते आपणहून ठेवते. म्हणजे त्र आणि श्व यांच्याबरोबर क्त, त्त, श्र, क्र, व्य आणि रफारही येतो. इंग्रजी फॉन्टमध्ये २६ अक्षरांतली किती द्यायची एवढाच प्रश्न असतो. देवनागरीत हलन्त ठेवायचा की काढायचा, यावर अर्धा फॉन्ट ठरतो. हलन्त काढला की नमुना सुरक्षित होतो हे खरे, पण जोडाक्षरेच पाहायला मिळाली नाहीत तर देवनागरी फॉन्टची पारख होणार कशी? म्हणून हलन्त ठेवावा आणि काटछाट व्यंजनांत करावी.

धोका कुठे आहे?

वरच्या १० चिन्हांत आणखी काय लिहिता येते ते पाहा : बरकत, शरबत, केशर, शंकर. म्हणजे 'त्र्यंबकेश्वर' एवढाच शब्द दाखवायला दिलेल्या प्रतीतून एखाद्या दुकानाची 'बरकत शरबत' ही अख्खी पाटी रंगून निघेल. नमुना संपला आणि कामही संपले!

यातून नियम निघतो तो असा : गिऱ्हाइकाच्या दुकानाच्या नावातली अक्षरे देऊन चाचणी प्रत कधी करू नये. पाटीवाल्याला आठ-दहा अक्षरेच लागतात. त्याला फाइल देण्याऐवजी त्याचे नाव नव्या अक्षरांत मांडून, लहान आकाराचे चित्र करून दाखवावे. चाचणी प्रत त्यांच्यासाठी, ज्यांना मजकूर जुळवायचा आहे : छापखाने, प्रकाशक, साप्ताहिके, जाहिरात संस्था.

कोणती अक्षरे ठेवावी, कोणती काढावी?

फॉन्ट जोखणाऱ्याला प्रत्येक अक्षर पाहावे लागत नाही. अक्षरांची घराणी असतात. त, ब, म, व यांचा उभा दंड उजवीकडे आहे. क आणि फ यांचा दंड मधोमध आहे. ट, ठ, ड, द, ह यांना पूर्ण उंचीचा दंडच नाही. प्रत्येक घराण्यातले दोन-चार सदस्य दाखवले की कारागिराचा हात कळतो. मराठी गिऱ्हाइकासाठी ळ, मराठी वळणाचे ल आणि श, तसेच 'वऱ्हाड' मधला ऱ्ह अवश्य ठेवावा. हिंदीच्या धोरणाने बनवलेले फॉन्ट पुष्कळदा इथेच उणे पडतात.

एक यादी सुचवतो. व्यंजने १७ : क, ग, ट, ठ, ड, त, द, ब, म, य, र, ऱ, ल, ळ, व, श, ह. त्याबरोबर स्वर, सगळ्या मात्रा, अनुस्वार आणि हलन्त. मात्रा काढू नयेत. वेलांटी नीट बसते का, उकार अक्षराला धडकतो का, रफार आणि अनुस्वार एकमेकांवर येतात का, हे पाहण्यासाठीच तर गिऱ्हाईक नमुना मागतो.

या यादीत ब्रह्मगिरी, कुशावर्त, गोदावरी, त्र्यंबकेश्वर, वऱ्हाड, विद्यालय, कुटुंब, मिठाई, हृदय हे सगळे शब्द जुळतात. पारख करायला तेवढे भरपूर आहेत. आता काय जुळत नाही ते पाहा. च नाही, म्हणून चा-ची-चे नाही. न नाही, म्हणून 'नाही' नाही आणि 'ने' नाही. स नाही, म्हणून 'असे' नाही. या तीन अक्षरांवाचून मराठीत एक परिच्छेद लिहून दाखवावा! नाशिक, सिंहस्थ आणि पर्वणी हे शब्दही निघत नाहीत, म्हणजे सिंहस्थाचे बॅनर या प्रतीवर होणार नाहीत.

आकड्यांत १, ५ आणि ८ एवढेच ठेवावेत. वळणे कळतात, दरपत्रक मात्र छापता येत नाही. फॉन्टच्या बारीक, जाड अशा अनेक जाती असतील तर चाचणीसाठी एकच द्यावी.

उर्दू अक्षरांचे काय?

उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि एकटे असताना वेगळे रूप घेते. ही रूपेही साधन आपणहून ठेवते, वेगळे सांगावे लागत नाही. उर्दूचे काम एका बाबतीत सोपे आहे. बे, पे, ते, टे आणि से यांचे अंग बहुतेक सारखे, फरक वरच्या-खालच्या खुणांचा. त्यामुळे प्रत्येक घराण्यातले एकच अक्षर दिले तरी जाणकाराला पाचांची पारख होते. नस्तालीकमध्ये मात्र दक्षता घ्यावी. काही नस्तालीक फॉन्ट हजारो तयार जोडरूपांवर उभे असतात. चार-पाच अक्षरे जास्त ठेवली तरी अशी पुष्कळ रूपे आपसूक नमुन्यात येतात.

प्रत्यक्ष कृती

आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करायच्या असतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

१. संगणकावर पायथनची तिसरी आवृत्ती बसवावी. मग काळ्या खिडकीत 'पिप इन्स्टॉल फॉन्टटूल्स' ही आज्ञा द्यावी. इंटरनेट चालू असावे.

२. नोटपॅडमध्ये ठेवायची सर्व अक्षरे, मात्रा आणि आकडे लिहून फाइल यूटीएफ-८ या प्रकारात साठवावी. इंग्रजी अक्षरे, पूर्णविराम, स्वल्पविराम आणि रिकामी जागा यांपैकी जे हवे ते याच फाइलमध्ये घालावे. रिकामी जागा विसरली तर शब्द सुटे दिसणार नाहीत.

३. साधनाचे नाव 'पी-वाय-एफ-टी-सबसेट', एकसलग. त्यापुढे मूळ फॉन्टचे नाव. मग दोन आडव्या रेघा देऊन 'टेक्स्ट-फाइल', बरोबरचे चिन्ह आणि नोटपॅडच्या फाइलचे नाव. शेवटी पुन्हा दोन रेघा, 'आउटपुट-फाइल', बरोबरचे चिन्ह आणि नव्या प्रतीचे नाव. जोडाक्षरे आणि रफार यांचे नियम साधन मुळातच राखते, त्यासाठी काही जोडावे लागत नाही.

४. नसलेल्या अक्षराच्या जागी चौकोन दिसावा असे वाटत असेल तर 'नॉटडेफ-आउटलाइन' हा शब्द दोन रेघांसह जोडावा. एरवी साधन तो चौकोन पुसून टाकते आणि तिथे कोरी जागा उरते.

५. आता प्रतीचे नाव बदलावे. ही पायरी नवखा हमखास विसरतो. आपण फाइलचे नाव बदलले तरी फॉन्टच्या पोटातले नाव जुनेच राहते. गिऱ्हाइकाने पुढे पूर्ण फॉन्ट विकत घेतला की एकाच नावाचे दोन फॉन्ट भांडतात, अक्षरे गायब होतात आणि बोल आपल्याला लागतो. फॉन्टटूल्समध्येच 'टी-टी-एक्स' नावाचे साधन आहे. ते फॉन्टमधला नावांचा तक्ता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून देते. त्यात कुटुंबाचे नाव, पूर्ण नाव आणि पोस्टस्क्रिप्ट नाव अशा सर्व ठिकाणी 'ट्रायल' हा शब्द जोडून तक्ता त्याच साधनाने परत प्रतीत बसवावा आणि फाइल वेगळ्या नावाने साठवावी.

६. मूळ फॉन्ट बसवलेला नाही अशा दुसऱ्या संगणकावर प्रत तपासावी. आपल्या संगणकावर सगळे ठीक दिसते, ते कदाचित मूळ फॉन्टमुळे.

ही कृती युनिकोड फॉन्टची आहे. जुन्या डीटीपी पॅकेजमधले पुष्कळसे फॉन्ट इंग्रजी कळांच्या जागी मराठी तुकडे बसवून केलेले असतात. त्यांना मराठी मजकुराची यादी देऊन उपयोग नाही.

गिऱ्हाइकाला काय सांगावे?

प्रतीसोबत एक पानाची चिठ्ठी द्यावी. कोणती अक्षरे आहेत, कोणती नाहीत, ते स्पष्ट लिहावे आणि जुळणाऱ्या शब्दांचा नमुना मजकूर जोडावा. असे न केल्यास काय होते? गिऱ्हाईक आपला मजकूर टाइप करतो. नसलेली अक्षरे संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून आणतो. पान ठिगळांच्या गोधडीसारखे दिसते आणि "तुमचा फॉन्टच सदोष आहे" असा निरोप येतो.

वापराची अटही त्याच चिठ्ठीत लिहावी : प्रत पाहण्यासाठी आहे, छापण्यासाठी किंवा विक्रीसाठी नाही. अक्षरे काढल्याने मोठे काम अडते, पण राहिलेल्या अक्षरांचा गैरवापर साधन थांबवू शकत नाही. तिथे लेखी अटच उपयोगी पडते.

दुसऱ्याच्या फॉन्टवर मात्र हा प्रयोग करून ती प्रत वाटू नये. विकत घेतलेल्या फॉन्टच्या करारात फेरफाराला बहुधा मनाई असते. सरावासाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्ता' किंवा 'बलू' घ्यावेत. ते खुल्या परवान्याचे आहेत. त्या परवान्यात बदलाला मोकळीक आहे, पण नुसता फॉन्ट सुटा विकण्यास मनाई आहे आणि राखून ठेवलेले नाव बदललेल्या प्रतीला देता येत नाही.

घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्यापैकी बहुतेक जण फॉन्ट बनवणारे नाहीत, वापरणारे आहेत. त्यांनी चाचणी प्रत मागायला संकोचू नये. मिळाली की तिची छपाई करून पाहावी, पडद्यावर भाळू नये. आठ पॉइंटात ळ भरून येतो का, बॅनरच्या आकारात वळणे फुटतात का, हे कागदावर आणि फ्लेक्सवरच कळते. पसंत पडली तर रीतसर पैसे भरून पूर्ण फॉन्ट घ्यावा. चाचणी प्रतीत स नाही म्हणून तो दुसऱ्या फॉन्टमधून उसना आणून काम रेटणाऱ्याची चोरी जाणकाराला लांबून दिसते, कारण उसन्या अक्षराची जाडी शेजाऱ्याशी जुळत नाही.

चांगले मराठी अक्षर काढणारे हात थोडे आहेत. पैसे मिळाले नाहीत तर ते हात दुसऱ्या धंद्याला लागतील आणि आपल्या पाट्या, पत्रिका त्याच त्या चार फॉन्टांत निघत राहतील. विकणाऱ्याने नमुना मोजून द्यावा, घेणाऱ्याने माल पैसे मोजून घ्यावा. मूठभर तांदूळ पाहून पोते घेणाऱ्या बाजाराला हा व्यवहार नवा नाही.